दिगूच्या चेहऱ्यांचा डबा

"रील नको," शरयूताई देवस्थळी म्हणाल्या. "रील म्हणजे स्थळासाठी काढलेला फोटो. मला याचा रोजचा चेहरा बघायचाय. मालिकेचा कुठलाही एक भाग लावा."

मी दोन दिवस खपून दिगूच्या कामातले बरे तुकडे वेचून जोडले होते. मागे बासरीसुद्धा टाकली होती. ते सगळं मुकाट्यानं बंद केलं.

"कुठला लावू?"

"मला काय माहीत? मी मालिका बघत नाही." त्यांनी चपला काढल्या आणि माझ्या फिरत्या खुर्चीवर मांडी घातली. "मोरबाळे, तुमचा आवडता सण कुठला?"

दिगू दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसला होता. एवढा सहा फुटी गडी, पण त्या दिवशी स्टूलही त्याला मोठं होत होतं.

"बेंदूर," तो म्हणाला.

"छान. मग बेंदराच्या आठवड्यातला भाग लावा."

बेंदराच्या आठवड्यात आमच्या मालिकेची नायिका आजारी होती आणि ते भाग मी जवळजवळ डब्यातूनच काढले होते. डबा म्हणजे काय ते सांगते, पण आधी माणसं सांगते.

ज्या दिगंबर मोरबाळेला आज सगळे 'पाणक्या' म्हणून ओळखतात, तो तेव्हा 'चांदण्याचा उंबरा' नावाच्या मालिकेत नायकाचा धाकटा भाऊ अर्णव इनामदार होता. अर्णवचं काम म्हणजे सोफ्यामागं उभं राहायचं आणि घरात काही झालं की तोंड करायचं. ती मालिका आमच्या कोल्हापुरातच एका बंगल्यात चालायची आणि तिचं संकलन मी राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत करायची. दिगू मला उजाक्का म्हणायचा. उज्ज्वला हे माझं नाव त्याला लांब पडत असावं.

शरयूताई पुण्याच्या. चाळीस वर्षं प्रायोगिक नाटकं बसवलेली बाई, साठीला आल्यावर पहिला सिनेमा करत होती. गोष्ट एका शाळेत हंड्यांनी पाणी भरणाऱ्या माणसाची. त्या माणसासाठी त्यांनी ढिगानं नट पाहिले आणि नाकारले. दिगूचा फोटो पाहून त्यांना त्याचे खांदे आवडले होते. खांद्यांवर कावड बसेल, पण बाकीचा माणूस बसेल का, एवढंच ठरायचं होतं. परीक्षेला बोलावलं की सगळे पाठ करून येतात, म्हणून त्या स्वतः त्याचं आधीचं काम बघायला कोल्हापूरला आल्या होत्या.

आणि त्याच संध्याकाळी मालिकेचे कार्यकारी निर्माते शेलारसाहेब यांनी दिगूला नव्या करारावर सही करायला बोलावलं होतं. सही केली की दोन वर्षं दुसरीकडं काम करायचं नाही. म्हणजे ताई हो म्हणाल्या तर सिनेमा, नाही म्हणाल्या तर पुन्हा सोफ्यामागं. आणि सही केली नाही, ताईंनीही नाही म्हटलं, तर सरळ गावी, मुरगूडला, आणि भावाची पिठाची गिरणी.

आता डबा. आमच्या मालिकेत सुरुवातीलाच एक दिवस प्रत्येक नटाला कोऱ्या भिंतीपुढं उभं करून त्याचे चेहरे भरून घेतले होते. धक्का, राग, संशय, दुःख, जुनी आठवण. पुढं रोजच्या धावपळीत दृश्य अपुरं पडलं की मी त्यातला एक उचलून चिकटवायची. दिगूच्या त्या चेहऱ्यांत त्याच्या अंगात मोरपंखी कुर्ता होता. चेहरे जुळले पाहिजेत, म्हणून मग त्याला तीन वर्षं मोरपंखी कुर्त्यातच ठेवला. हळदीला मोरपंखी, सुतकातही मोरपंखी. महाद्वार रोडला तसले कुर्ते 'अर्णव कुर्ता' म्हणून खपायला लागले आणि दिगूला वाटलं, आपण लोकप्रिय झालो. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

भाग सुरू झाला. इनामदारांच्या आजीसाहेबांना झटका आला. अर्णवचा चेहरा, धक्का. डॉक्टर आले. अर्णवचा चेहरा, संशय.

"याला डॉक्टरांचा संशय का येतोय?" शरयूताईंनी विचारलं.

"ते पुढं कळतं," मी ठोकून दिलं. पुढं काहीच कळत नव्हतं. त्या दिवशी दुःखाचे चेहरे वापरून संपले होते.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. अर्णवचा चेहरा, धक्का.

"हा मघाचाच आहे," ताई म्हणाल्या. "आजीलाही हाच आणि दुधालाही हाच."

"दोन्ही घरातलंच ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पडद्याकडं बघत बसले. दिगू स्टुलावर आणखी लहान झाला होता.

आणि मग तो शॉट आला. आजीसाहेबांचा हात पलंगावरून खाली घसरतो आणि अर्णव खिडकीशी उभा राहून बघतो. बघतो आणि काही करत नाही. ओठ एकदा उघडतात, पुन्हा मिटतात. डोळ्यांत पाणी नाही, पण आता येईल असं वाटत राहतं. मग नजर अगदी सावकाश खाली जाते आणि तिथंच थांबते.

"मागे घ्या," ताई म्हणाल्या.

घेतला.

"परत."

परत घेतला. त्यांनी मांडी मोडली, पाय खाली सोडले आणि पडद्याजवळ सरकल्या. मी दिगूकडं बघून हळूच भुवया उडवल्या.

"मोरबाळे, इकडे या. इथं तुमच्या मनात काय चाललंय?"

या प्रश्नाची तयारी मी जिन्यातच करून घेतली होती. काहीही विचारलं तरी जवळचं गेलेलं माणूस आठवलं म्हणायचं, पुण्याच्या लोकांना ते आवडतं, असं मी त्याला पढवलं होतं.

"माझी आजी आठवली," दिगू म्हणाला.

"अरेरे. कधी गेल्या?"

"कुठं?"

"आजी."

"कुठं जातीया? हाय की मुरगूडात. काल फोन आलता तिचा."

"मग आठवली म्हणजे?"

दिगूनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. या माणसाला खोटं पेलत नाही हे मला माहीत होतं, पण इतकं पेलत नसेल असं वाटलं नव्हतं.

"खरं सांगू काय, बाई?"

"तेच विचारतेय."

"म्हस हुती."

शरयूताई पडद्यावर म्हैस शोधायला लागल्या.

"खिडकीच्या खाली माझी गाडी लावल्याली," दिगू सांगायला लागला. "नवी. आठ दिस झालं नव्हतं घेऊन. हिकडं शॉट सुरू झाला आन् तिकडं शेजारच्या गोठ्यातली म्हस येऊन गाडीला पाठ घासाय लागली. गाडी हळूहळू कलाय लागली. वरडावं तर टेक जातोय, न वरडावं तर गाडी जातीया."

"आणि नजर खाली गेली ती?"

"गाडीबरं गेली."

शरयूताई हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. "म्हणजे तीन वर्षांतला हा एवढाच अभिनय," त्या म्हणाल्या, "आणि तोही म्हशीनं करून घेतलेला."

"करून घेतला म्हशीनं, पण केला तर दिगूनंच," मी वकिली केली.

"केला नाही हो, झाला. आणि मी रोज सेटवर म्हैस कुठून आणू?"

दिगू खाली मान घालून उभा होता. खरं सांगायचं तर मला त्याचा रागही आला होता आणि मायाही आली होती. आजी मारून टाकायला काय जात होतं याचं.

"आता एकच करा," ताई मला म्हणाल्या. आवाज मघापेक्षा मऊ झाला होता आणि ते लक्षण मला बरं वाटेना. "माझा पाणक्या बोलत नाही फारसा. तो ऐकतो. मास्तरांचं ऐकतो, पोरांचं ऐकतो, बायकोच्या शिव्या ऐकतो. अख्खा सिनेमा ऐकतो. तर समोर कुणी बोलतंय आणि हा ऐकतोय, दोघं एकत्र दिसताहेत, असं एक दृश्य मला दाखवा. कुठल्याही भागातलं. मी तेवढ्यावर ठरवीन."

ही मागणी किती साधी. मी लगेच शोधायला बसले. लग्नाचा आठवडा काढला, वाटणीचा काढला, दिवाळीचा काढला. एकही दृश्य सापडेना. घामानं माझा माऊस निसटायला लागला. तीन वर्षं मीच ते भाग कापत होते आणि कुणी दिगूशी बोलतच नव्हतं, हे मला त्या दुपारी कळलं. बोलणाऱ्याचा चेहरा वेगळा, दिगूचा वेगळा. मध्ये माझा कट.

"याची बायको दाखवलीय ना मालिकेत? तिच्याशी तरी बोलत असेल."

"केतकी," मी म्हटलं. "पण केतकी झालेली मुलगी मुंबईत आणखी एक मालिका करते. ती इथं येते तेव्हा तिचं सगळं एका दमात उरकतात, आणि दिगूला सुट्टी असते."

"मग हा प्रेम कुणाकडे बघून करतो?"

उत्तर दिगूनंच दिलं. "जळमटं काढायचा झाडू असतोय न्हवं? त्येची काठी हुबी करत्यात म्होरं. केतकीच्या उंचीला तिच्यावर टिकली लावत्यात."

"लग्नसुद्धा?"

"सप्तपदी काठीसंगंच झाली. पर टिकली चांगली हुती, खड्याची."

आता मात्र शरयूताई हसल्या. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पण ते निरोपाचं हसणं होतं. हसता हसताच त्यांनी पायानं चपला चाचपल्या.

"तुमचा यात काही दोष नाही, मोरबाळे," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाईट नट आहात असं मी म्हणत नाही. पण चांगले आहात की नाही, हे या कामावरून सांगताच येत नाही. तुम्हाला ऐकता येतं का, हे बघायला इथं कुणी बोललेलंच नाही तुमच्याशी. आणि माझ्याकडे चूक करायला जागा नाही हो. या वयात सिनेमा एकच मिळतो."

दिगूनं मान हलवली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्या फोनचं कानाशी लावून ऐकायचं यंत्र बिघडलं होतं, त्यामुळे पलीकडच्या माणसाचं सगळं बोलणं जगाला ऐकू यायचं.

"दिगूशेठ," शेलारांचा आवाज आला. "वाट बघायलोय. पेढे आणून ठेवल्यात."

"आलो, साहेब."

फोन ठेवून तो माझ्याकडं वळला. "जातो उजाक्का. काठी तर काठी. दोन वर्सं तरी घोर न्हाई."

शेलार माणसाला कधी शेठ म्हणत नसत, आणि पेढे तर त्यांनी स्वतःच्या मुलाच्या बारशालाही वाटले नव्हते. ते पेढे कशाचे होते, हे कोल्हापुरात चार माणसांना माहीत होतं आणि त्यातली एक मी होते. शेलारांनी मला अंबाबाईची शपथ घालून गप्प बसवलं होतं. मी गप्प बसलेही असते. ताई हो म्हणाल्या तर सांगायची वेळच येणार नाही, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती. पण दिगू ज्या भोळेपणानं खिशात पेन आहे का ते चाचपायला लागला, ते बघून माझं डोकं फिरलं.

"ताई, थांबा," मी म्हटलं. "याला ऐकताना बघायचंय ना? बघा मग."

मी माझी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि दिगूच्या समोर बसले.

"दिगू, बस. अर्णव सोमवारी मरतोय."

तो बसला. "कोण?"

"तू. राधानगरीच्या वाटेवर घाटात गाडी खाली जाते. प्रोमो मी काल कापलाय. उद्या संध्याकाळी लागेल."

"मग सही कशाची घ्यालेत?"

"तुझ्या डब्याची. केतकी दोन वर्षं तुला आठवत बसणार आहे. तिच्या आठवणीत तू दिसणार, आमच्या डब्यातला. तुझे चेहरे माझ्याकडं आहेतच, तुला बोलवायची गरज नाही. चित्रीकरण नाही म्हणजे पैसेही नाहीत. पण मेलेला माणूस दुसरीकडं हिंडताना दिसला तर लोक रडायचे थांबतील, म्हणून तुला बांधून ठेवायचंय. भिंतीवरचा फोटो करायचाय तुझा, दिगू. त्याला सही पाहिजे."

मी दिगूचा एकूण एक चेहरा ओळखत होते. कुठला कुठून सुरू होतो, कुठं कापला की बरा दिसतो, सगळं. पण मी बोलत होते तेव्हा तो जसा बसला होता, ते माझ्याकडं नव्हतं. धक्का नव्हता, राग नव्हता. माझा प्रत्येक शब्द जणू तो हातात घेऊन बघत होता आणि शेजारी ठेवत होता.

"तुझी नोकरी जाईल की गं," तो पहिल्यांदा बोलला ते हे.

"जाऊ दे."

मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो ताडकन उठला. "आई. आई बघंल की उद्या. टीवीला चिकटूनच बसलेली असती ती. माझ्या फोटूला हार बघून हाय खाईल म्हातारी." त्यानं तिथंच फोन लावला. शरयूताई दारापाशी थबकल्या होत्या. त्यांच्या एका पायात चप्पल होती, एक अजून खुर्चीखाली होती.

"काय रं?" मुरगुडाहून आवाज आला.

"आई, घाबरू नगं. सोमवारी मी मरतोय."

"कशात?"

"शिरेलीत. घाटात गाडी पडती."

"गाडी तुझी का त्यांची?"

"त्यांची."

"मग पडू दे."

मला हसू आवरेना. दिगूच्याही ओठांचा कोपरा हलला. पण आई थांबली नव्हती.

"एक बरं झालं. मेलास म्हंजे सुट्टी झाली. मंगळवारी घरला ये. तीन वर्सं झाली, सणाला न्हाई का सुदीला न्हाई. लोक म्हनत्यात, म्हातारे, तुझं बरं हाय, लेक रोज घरात येतोय. येतोय, खरं हाय. मी बोलती बी त्याच्यासंगं. ज्येवलास का म्हनती, वाळलाईस म्हनती. आन् तू आपला भिताडाकडं बघत हुबा. एका शब्दाला वळून बघत न्हाईस."

दिगूनं फोन तळहातावर धरला होता, पाखरू धरावं तसा. खांदे खाली आले, मान जराशी त्या आवाजाकडं झुकली आणि तो ऐकत राहिला. आई बोलायची थांबली तरी ऐकत राहिला. मी शरयूताईंकडं बघितलं. त्यांचा हात दाराच्या कडीवर तसाच होता.

"हाईस का?" आईनं विचारलं.

"हाय," दिगू म्हणाला.

"मग मंगळवारी येतोस न्हवं?"

"मंगळवारी नाही जमायचं हो," शरयूताई म्हणाल्या. त्या एका चपलेवर तशाच आत आल्या होत्या आणि फोनवर वाकल्या होत्या.

"ही कोण आनि?"

"मी शरयू देवस्थळी, पुण्याची. सोमवारी येऊ दे त्याला, पोटभर जेवू घाला. मंगळवारपासून तो माझ्या सिनेमात आहे."

दिगूनं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस दुखत होता.

मग आईनं विचारलं, "तुमच्यात बी मारणार काय त्येला?"

संहितेत पाणक्या मरत होता. गावात नळ येतो, शाळेला त्याची गरज उरत नाही आणि रिकाम्या रांजणाशेजारी तो मरतो, हे मला दिगूनंच सांगितलं होतं. ताईंनी त्या मरणावर दोन वर्षं घालवली होती. रंगमंचावर नटाचा एक खोटा श्वास न चालवून घेणारी ही बाई, आणि समोर मुरगूडची म्हातारी उत्तराची वाट बघत होती.

"नाही," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे नाही मरत."

"शब्द?"

"शब्द."

शेलारांचे पेढे कुणी खाल्ले ते कळलं नाही. बुधवारी माझी नोकरी गेली, तेव्हा अंबाबाईची ओटी भरून मी तिची समजूत काढली आणि पुढच्या महिन्यात पाणक्याचं संकलन करायला पुण्याला गेले.

सिनेमा किती गाजला ते सांगायला नको. त्याच्या शेवटावर तर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली. नळ येतो, सगळं गाव म्हणतं की हा आता संपला, आणि पाणक्या रांजणाशेजारून उठतो, कावड खांद्यावर घेतो आणि चालू लागतो. कुणाला त्यात श्रमाचा विजय दिसला, कुणाला व्यवस्थेवरचं भाष्य.

गेल्या वर्षी एका महोत्सवात आम्ही तिघं मंचावर होतो. सिनेमा शिकणारी एक मुलगी उठली आणि तिनं शरयूताईंना विचारलं, "सगळी कथा मृत्यूकडे जात असताना तुम्ही पाणक्याला जिवंत का ठेवलंत?"

"त्याच्या आईला शब्द दिला होता," ताई म्हणाल्या.

सभागृह गंभीर झालं. मुलीनं हे लिहून घेतलं आणि मग तिचा हात थांबला.

"पण सिनेमात पाणक्याला आईच नाहीये."

"सिनेमात नाही," ताई म्हणाल्या. "मुरगूडला आहे."